पाणी बंद केलं, तर पोरं कोल्ड्रिंककडे वळली

अमेरिकेतल्या व्हरमाँट युनिव्हर्सिटीचा किस्सा वाचून आधी हसू आलं, मग जरा वाईटच वाटलं. कोका-कोलासोबतचं काँट्रॅक्ट 2012 मध्ये संपलं ते त्यांनी वाढवलं नाही, आणि जानेवारी 2013 पासून कॅम्पसवर बाटलीबंद पाणी विकणंच बंद, हवं तर नळावर स्वतःची बाटली भरून घ्या. आयडिया झकास! पण 2015 च्या अभ्यासात निघालं काय, तर माणशी बाटल्या कमी व्हायच्या सोडून वाढल्याच, कारण दुकानात पाणी नाही म्हटल्यावर पोरांनी गोड कोल्ड्रिंक्स उचलली. आमच्या कॉलेजातही कूलर होताच की, पण ग्लास साखळीला बांधलेला, कोण तोंड लावणार त्याला, सगळे कँटीनची थंडगार बाटलीच घ्यायचे, मीसुद्धा.