सीट आधी खाली घ्या

आज सकाळी रंकाळ्यावर सायकल शिकायला आलेल्या बहुतेक जणींचं घोडं सीटपाशीच अडलं. शिकताना दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकलेच पाहिजेत, मग पडायची धास्ती राहत नाही. १५ नंबरच्या पान्यानं पेडल काढून ठेवा. डाव्याचे आटे उलटे, ते घड्याळाच्या दिशेनं फिरवलं की सुटतं. पायानं ढकलत तोल बसला की पेडल लावा आणि सीट वर घ्या: टाच खालच्या पेडलवर ठेवल्यावर पाय सरळ व्हावा. खालच्याच सीटवर चालवत राहिलं की गुडघे दुखतात, आणि "आता वय झालं" म्हणत सायकल सुटते. फार वाईट वाटतं हे. ओढणी कमरेला घट्ट बांधा, चेनकव्हर हवंच. आणि घरच्यांनो, मागनं कॅरिअर धरून पळू नका. सायकल कलली की हँडल कुठं वळवायचं, ते तिच्या हाताला कळतच नाही.