हिरांच्या नक्षत्राला पीळ का पडतो

नाताळच्या आधी गोव्यातल्या डिचोलीत आई-बाबा आणि मुलांना मी नक्षत्रं, म्हणजे चांदणीच्या आकाराचे कागदी कंदील, बांधायला शिकवते. मोठी माणसं बांबूच्या कामट्यांचं 60 सेंटिमीटरचं नक्षत्र करतात, मुलं माडाच्या हिरांचं, म्हणजे झावळीच्या पात्यांमधल्या काड्यांचं, 30 सेंटिमीटरचं. त्या रविवारी दुपारपर्यंत मुलांच्या बहुतेक चांदण्या फरशीवर डोलायला लागल्या. चार टोकं टेकलेली, पाचवं बोटभर वर.

पहिला संशय खुणांवर गेला. पाच सारख्या काठ्यांची चांदणी करताना प्रत्येक काठी दुसऱ्या दोन काठ्यांना छेदते, आणि हे छेद ठरलेल्या जागीच यावे लागतात. 30 सेंटिमीटरच्या हिरावर दोन्ही टोकांपासून साडेअकरा सेंटिमीटरवर खूण करायची, म्हणजे मधे 7 उरतात. कामटी 60 ची असेल तर खुणा 23 वर येतात आणि मधे 14. अंदाजाने बांधलं तर चांदणीचा एक हात लांब, एक आखूड होतो. पण मुलांच्या खुणा पेन्सिलीने नेमक्या केलेल्या होत्या. मुलं मापाला मोठ्यांपेक्षा पक्की असतात, हे मी नेहमी बघते.

मग विणकाम तपासलं. प्रत्येक हीर एका छेदावर वरून आणि दुसऱ्यावर खालून गेला पाहिजे. एखादा दोन्हीकडे वरून गेला की तो कमानीसारखा उठतो आणि टोक उचलतो. तशी दोनच निघाली, ती लगेच सुधारली. बाकीच्यांचं विणकाम बरोबर होतं, तरी ती डोलतच होती.

एक बाबा म्हणाले, ‘‘दोरा सैल राहिलाय, आवळतो.’’ आवळला, तर टोक आणखी वर गेलं. त्यांची मुलगी मात्र हिरावरून बोट फिरवत होती. ‘‘टीचर, हा इकडे जाड आहे आणि तिकडे बारीक.’’

कारण तेच होतं. हीर देठाकडे जाड असतो आणि शेंड्याकडे निमुळता होत जातो. त्या चांदणीत दोन टोकांवर दोन्ही हिरांचे जाड देठ एकत्र आले होते, दुसऱ्या दोन टोकांवर दोन्ही बारीक. बारीक बाजू सहज वाकते, जाड वाकत नाही, म्हणून चौकटीला पीळ बसतो. दोरा आवळला की तो वाढतोच. उपाय सोपा आहे. प्रत्येक हिराच्या जाड टोकाला लाल खूण करायची आणि बांधताना चांदणीच्या प्रत्येक टोकावर एक जाड, एक बारीक असं जुळवायचं. पाचही हीर त्याच क्रमाने फिरत गेले की ते आपोआप जुळतं. दुपारी सगळ्यांनी दोरे सोडून पुन्हा बांधलं आणि चांदण्या फरशीवर सपाट बसल्या. त्या मुलीने प्रत्येकाच्या चांदणीखाली फुटपट्टी सरकवून पाहिली.

हीर अर्धवट सुकलेले घ्यावेत. हिरवे असतील तर वाळताना आकसतात आणि गाठी ढिल्या पडतात. अगदी वाळलेले वाकवले की मोडतात. दोरा सुती हवा, नायलॉनचा घसरतो.

अशा दोन चांदण्या समोरासमोर ठेवून फक्त पाच टोकं बांधायची. मग आतल्या पाच छेदांवर, पुढच्या आणि मागच्या चांदणीच्या मधे, 6 सेंटिमीटरचे बांबूचे आधार उभे घालायचे, म्हणजे नक्षत्र फुगतं. आधाराच्या दोन्ही टोकांना खाच लागते. खाचेच्या किंचित मागे आधी दोरा गुंडाळून घ्यावा, नाहीतर ब्लेड लावताच आधार उभा चिरतो. हे काम मोठ्यांनीच करायचं.

कागद पतंगाचा. हातांसाठी साडेअकरा-साडेअकरा-सात सेंटिमीटरचे दहा त्रिकोण, कडांसाठी साडेअकरा-साडेअकरा-सहाचे दहा, मधले दोन पंचकोन. सगळ्यांना सेंटिमीटरभर दुमड जास्त ठेवावी. खळ घरचीच: दोन चमचे मैदा वाटीभर गार पाण्यात कालवून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा. गरम पाण्यात मैदा टाकला की गुठळ्या होतात. खळ हिराला लावावी, कागदाला नाही. ओला झाला की कागद फाटतो आणि रंग सुटतो.

डकवण्याचा क्रमही महत्त्वाचा. एका हाताची पुढची बाजू डकवली की लगेच त्याच हाताची मागची, मग एक हात सोडून पुढचा. सगळा पुढचा भाग आधी केला तर खळ वाळताना कागद आकसतो आणि हिरांसारखी हलकी चौकट पुढे ओढली जाते. तसं झालंच तर कागद ओलसर स्पंजाने टिपायचा. तो सैल पडला की मागची बाजू डकवून सगळं सावलीत वाळवायचं.

वरचा एक कडेचा त्रिकोण उघडा ठेवावा. छोट्या नक्षत्रात बल्ब कागदाला टेकतो, म्हणून बॅटरीवरची एलईडी माळच आत सोडायची. मोठ्यातही जुना तारेचा बल्ब नको, तो तापतो. गोव्यातल्या डिसेंबरच्या रात्री दव पडतं, त्यामुळे नक्षत्र अंगणात नको, पडवीत छपराखाली टांगावं. सकाळी कागद सैल दिसला तरी ओढू नये, ऊन चढलं की तो पुन्हा ताणला जातो.