गोठ्यातली मारुती आणि डिझेलचा टर्बो
भंगारात निघालेली मारुती ८०० गोठ्याशेजारी आणून उभी केली, तेव्हा तिच्या डिकीत कोंबडीची अंडी निघाली. तिच्या ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरी इंजिनाला मी जुन्या डिझेल गाडीचा टर्बो बसवला. बाहेर पडणारा धूर टर्बाइन फिरवतो आणि त्याच दांड्यावरचा कॉम्प्रेसर इंजिनात जादा हवा कोंबतो, हे तत्त्व सोपे आहे. खरी अडचण पेट्रोलची, कारण हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या पेट्रोलच्या वाटीवरही तोच दाब पोहोचवला नाही, तर पेट्रोल वर चढत नाही, ते कमी पडते आणि पिस्टन वितळतो. आमचा एक वितळलाच. चूक माझीच; वाटीला दाबाची नळी द्यायची राहिली होती. दुसरा पिस्टन घालून, पऱ्हाटी उपटलेल्या वावरात गाडी पळवली, तेव्हा बाबा धुऱ्यावर उभे राहून फक्त म्हणाले, "वखरणी वाचली."