हार्डटेलनंतर फुल-सस : आठ महिने, १,४०० किलोमीटर आणि एक रबरी कडी

फुल-सस, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक, नोव्हेंबरात आली आणि पहिले तीन आठवडे मला ती मुळीच आवडली नाही. एवढे पैसे घालून बसलो होतो, त्यामुळे घरात कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

आधीची सात वर्षं ॲल्युमिनियमची हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल, चालवली. पुढे १०० मिलिमीटर दबणारा फोर्क, मागचं सस्पेन्शन म्हणजे माझे गुडघे. नवीला पुढे १३०, मागे १२०, चाकं २९ इंची. ताणकाट्याला टांगली तर १४.३ किलो, जुनी १२.९ भरते. पुण्याजवळचा बोपदेव घाट डांबरावरून चढताना हे दीड किलो फारसं कळलं नाही. खटकलं ते कानिफनाथ मंदिराच्या बाजूच्या कच्च्या वाटेवर. प्रत्येक पायडलला मागचा भाग खाली दबायचा, पायडल दगडांना ठोकायचं आणि उतारावर जरा मोठा खड्डा आला की शॉक (मागचे धक्के झेलणारा, हवा भरलेला दांडा) तळाला जाऊन खाड्कन आवाज. दमलेल्या गाढवावर बसल्यासारखं वाटायचं.

चूक शॉकमधल्या हवेची होती. सायकल ताब्यात देताना दुकानातल्या पोरानं सीट तळहातानं दोनदा दाबून "परफेक्ट आहे सर" म्हटलं होतं. मला सायकलवर बसवून सॅग, म्हणजे नुसतं बसल्यावर शॉक किती दबतो ते, मोजलाच नाही, आणि मीही मोजला नाही. हार्डटेलवाल्याला शॉक पंपाची सवय कुठून असणार?

शॉकच्या चकचकीत दांड्यावर एक बारीक रबरी कडी असते. ती वर सरकवून ठेवायची, पाण्याची पिशवी, हेल्मेट, बूट सगळं घालून भिंतीला धरून बसायचं, न हिंदकळता उतरायचं आणि कडी किती सरकली ते पट्टीनं मोजायचं. माझा दांडा एकूण ४५ मिलिमीटर आत जातो; त्यावर मागच्या चाकाला १२० मिळतात, म्हणजे साधारण एकास २.७. कडी सरकली होती १८ मिलिमीटर. ४० टक्के! नुसतं बसल्यावरच निम्म्याच्या जवळपास शॉक खर्ची पडत होता. माझं वजन ७८ किलो, म्हणजे १७२ पौंड. तेवढेच पीएसआय भरून सुरुवात करायची हा जुना ठोकताळा इथे तंतोतंत बसला. कडी १३ वर आली, २९ टक्के.

भरताना दोन गोष्टी कळल्या. हवेच्या शॉकमध्ये दोन कप्पे असतात. दर ५० पीएसआयला सायकल दहा-बारा वेळा हळू दाबली नाही तर दुसऱ्या कप्प्यात हवा पोचत नाही आणि पंपावरचा आकडा खोटा ठरतो. दुसरं म्हणजे पंप काढताना होणारा फुस्स. ती हवा पंपाच्या नळीतली, शॉकमधली नव्हे. पहिल्या दिवशी तो आवाज ऐकून मी चार वेळा पंप परत लावला. दर वेळी नळी भरायला थोडी हवा शॉकमधून जायची, आकडा उतरलेला दिसायचा आणि माझी खात्री पटायची की गळतंय.

रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉक किती वेगानं परत वर येतो, ते जमवायला फुटपाथची कड पुरते. बसूनच खाली उतरायचं. मागची बाजू एकदा वर येऊन गप्प बसली की झालं. दोनदा उसळली तर रिबाउंडची घुंडी आणखी एक क्लिक बंद.

मग सायकलचा स्वभावच बदलला. पण माझी अपेक्षा होती उताराची, आणि फरक पडला चढावर.

कानिफनाथच्या त्या कच्च्या वाटेवर शेवटच्या टप्प्यात चाळीसेक फूट घसारा आहे, सुट्टा मुरूम आणि मधूनच नारळाएवढे दगड. हार्डटेलवर तिथे मी दर वेळी पाय टेकायचो. मागचं चाक दगडावर चढलं की सायकलसकट मी उचलला जायचो, टायर क्षणभर हलका व्हायचा आणि पकड सुटायची. आता चाक एकटंच वर जातं आणि दगड ओलांडून परत जमिनीला टेकतं. सीटवर बसून राहायचं आणि पायडल मारत राहायचं, इतकंच. मात्र दगड दिसला की उठून उभं राहायची सात वर्षांची सवय मोडायला दोन महिने गेले. उभं राहिलं की ही सायकल अजूनही हिंदकळते. डांबरावर मी शॉकचा खटका बंद करून तो घट्ट करतो, कच्च्यात कधीच नाही.

फुल-सस म्हणजे आळशी लोकांची सायकल, असं आमच्या ग्रुपमध्ये एक जण दर रविवारी ऐकवतो. स्वित्झर्लंडच्या नीनो शुर्टरनं २०१६ च्या रिओ ऑलिंपिकचं माउंटन बाइकचं सुवर्ण फुल-ससवरच घेतलं, हे सांगून झालं. उपयोग शून्य.

उताराबद्दल थोडक्यात. वेग वाढला, अक्कल तेवढी वाढली नाही. हार्डटेल चुकीच्या वाटेनं गेलात की पाठीत सांगायची. ही निमूट सहन करते आणि मग वळणावर कळतं की आपण फार जोरात आलोय. फेब्रुवारीत मुरमावर घसरून कोपर सोललं, त्यानंतर पुढच्या ब्रेकची डिस्क १६० मिलिमीटरची १८० केली.

त्रासही आहेत. खांद्यावर घेणं अवघड, कारण हात घालायच्या जागेत शॉक आहे. सॅग बरोबर असूनही पायडल दगडांना लागतं, कारण बसल्यावर दोन्ही टोकं खाली जातात. दगडांत अर्धं-अर्धं पायडल मारायला शिकावं लागलं. सराटे काही सस्पेन्शन बघत नाहीत, तेव्हा ट्यूबलेस हवंच. उन्हाळ्यात मी टायरमधलं सीलंट (भोक बुजवणारा द्रव) दोन महिन्यांनी बघतो. मागच्या टायरची हवा मात्र २५ पीएसआयवरून २१ वर आणता आली, आणि रिमला अजून पोचा नाही.

पावसाळ्याची पहिलीच फेरी सासवडकडच्या काळ्या मातीत काढली, हा शुद्ध गाढवपणा. चाक आणि चौकटीमधल्या फटीत चिखल असा बसला की चाक फिरेना. बाभळीच्या काटकीनं उकरून काढला. धुताना बेअरिंगांवर जोराचं पाणी मारायचं टाळलं, तरी आठवड्याभरात चढावर किर्र किर्र सुरू. मागचा सांगाडा अख्खा उघडला, पुसला, ग्रीस लावलं, एकेक बोल्ट टॉर्क पान्यानं आवळला. किरकिर कायम. शेवटी बायको म्हणाली, "उभा राहिलास की आवाज येत नाही, तुझ्या लक्षात आलंय का?" सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, कोरडा पडला होता.

माझ्या शॉकची हवेच्या बाजूची सर्व्हिस दर ५० तासांनी करायची असते. मी ९० पर्यंत ताणली. आता दांड्यावर तेलाचा ओशट थर येतोय, कडी त्यात माखलेली असते. सील किट मागवलंय, तोवर फुल-सस भिंतीला.

म्हणून परवा हार्डटेल काढली. पहिला किलोमीटर लाकडी पाटावर बसल्यासारखा गेला. घसाऱ्यापाशी त्याच दगडाला पाय टेकला. पण आता माहीत होतं की ती जागा चढता येते. सायकल मागे नेली, सीटच्या टोकावर सरकलो, एक गिअर वरचा टाकला आणि दगडाच्या डावीकडून गेलो. तिसऱ्या वेळी निघालो वर.