पहिलं, दुसरं आणि गोड

माद्रिदमध्ये दुपारचं जेवण मागवायला स्पॅनिश व्याकरण फारसं लागत नाही, कान मात्र तयार लागतात. गल्लीबोळातल्या साध्या खानावळींबाहेर फळ्यावर खडूनं ‘मेनू देल दिया’, म्हणजे आजचा मेनू, लिहिलेला असतो. ठरलेल्या पैशांत एक ‘प्रिमेरो’ म्हणजे पहिला पदार्थ, एक ‘सेगुंदो’ म्हणजे दुसरा, शेवटी गोड, शिवाय पाव आणि पेय. १९६०च्या दशकात हुकूमशहा फ्रँकोच्या सरकारनं पर्यटकांसाठी ठरलेल्या दराचं जेवण ठेवायला लावलं, त्याचा हा वारसा. आता त्यावर ऑफिसातली माणसंच ताव मारतात. दुपारी दोनला, बरं का! बाराला भूक लागली तर ती आपली अडचण.

फळा नसेल तर वेटर सगळी यादी एका दमात म्हणतो, एसटीचा कंडक्टर थांबे ओरडतो तशी. त्यातला ओळखीचा एखादा पदार्थ कानानं पकडायचा आणि बोट वर करायचं.

क्लासमध्ये घोटून घेतलेली लांबलचक नम्र वाक्यं इथे कुणी बोलत नाही. बारपाशी उभा माणूस ‘पोनमे उना कान्या’ एवढंच म्हणतो, की बिअरचा छोटा ग्लास समोर. यात उद्धटपणा अजिबात नाही. ‘दोन कटिंग दे रे’ म्हणत वाढलेल्यांना हे पटकन जमतं.

शाकाहाऱ्यांचं मात्र कठीण. ‘सिन कार्ने’, म्हणजे मांस नको, असं सांगितलं तरी हॅम येऊ शकतो, कारण तो अनेकांच्या हिशेबात मांसात धरलेलाच नसतो! मसुराची आमटी अगदी घरच्यासारखी दिसते, पण चमचा फिरवला की तळातून चोरिथोचे, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजचे, लालबुंद काप वर येतात. ‘एन्सालादा मिक्स्ता’ या निरागस नावाच्या सॅलडवर बहुधा ट्यूना असतो. तेव्हा एकेकाचं नाव घेऊनच नाही म्हणावं: ‘खामोन’ म्हणजे हॅम नको, चोरिथो नको, ‘आतून’ म्हणजे ट्यूना नको. वेटर जरा दयेनं बघतो, बघू दे. अंडं चालत असेल तर तोर्तिया, म्हणजे बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट, आहेच. तिच्यात कांदा हवा की नको, यावर स्पॅनिश माणसं तासभर भांडू शकतात. मी कांद्याच्या बाजूची.

गोडात आर्रोथ कोन लेचे असेल तर दुसरं काही बघायचं नाही. तांदळाची खीरच ती, फक्त वेलचीऐवजी दालचिनी. पुष्कळ ठिकाणी गोड किंवा कॉफी, दोन्हींतलं एकच मिळतं. मी खीर घेते आणि कॉफीचे पैसे वेगळे देते.