धबधब्याची वाट, फेरी चौथी: चाकाला बांधलेली लाल फीत

पोचलो एकदाचे! गाडी लावली तिथपासून धबधब्यासमोरच्या कठड्यापर्यंत, चौघंही, आईच्या व्हीलचेअरसकट. अंतर जेमतेम 1.3 किलोमीटर, चढ सगळा मिळून 35 मीटर. शहरापासून इतकी जवळची वाट की जातिवंत ट्रेकर तिला वाटसुद्धा म्हणणार नाहीत. मी मात्र तीन फेऱ्या वाया घालवून बसलो होतो.

त्या तिन्हींचा हिशेब थोडक्यात. पहिली फेरी 600 मीटरवर संपली, कारण तिथे सुट्या खडीचा पट्टा लागतो आणि खुर्चीची पुढची छोटी चाकं त्यात नाक खुपसून बसतात. दुसऱ्या फेरीत खडी पार झाली, पण वेळ संपला. तिसऱ्या फेरीत पुलापर्यंत गेलो आणि ओढ्याचं पाणी बघताबघता गढूळ झालं, काड्या-पाचोळा वाहत यायला लागला. आमच्या डोक्यावर स्वच्छ ऊन होतं. पण पाऊस आपल्या डोक्यावर पडायलाच हवा असं नाही, वरच्या अंगाला पडला तरी लोंढा खाली येतो. पाणी अचानक रंग बदलतंय, पातळी चढतेय किंवा आवाज जडावलाय, तर चर्चा न करता मागे फिरायचं. लेक रुसली. चालायचंच.

खडीचं कोडं दुसऱ्या फेरीत सुटलं, आणि उपाय इतका साधा की स्वतःचाच राग आला. खुर्ची उलटी फिरवायची, किंचित मागे कलवायची आणि मोठ्या चाकांवर ओढत न्यायची. छोटी चाकं अधांतरी, मग रुततील कशी? आईला पाठीकडून प्रवास करावा लागतो एवढंच. ती म्हणाली, "बरंच आहे की, आलेली वाट तरी दिसते."

वेळेचं गणित माझं साफ चुकलं होतं. डोंगरात फिरणाऱ्यांचा तो जुना नियम तुम्हाला ठाऊक असेलच, स्कॉटलंडच्या विल्यम नायस्मिथने 1892 मध्ये सांगितलेला: तीन मैलांना एक तास, वर दर 2000 फूट चढाईला आणखी एक तास. त्या हिशेबाने आमची वाट वीस मिनिटांची. आम्हाला या वेळी 55 मिनिटं लागली, आणि ही आमची सगळ्यात चांगली वेळ! नायस्मिथच्या डोळ्यांपुढे धडधाकट माणूस होता. दर दहा पावलांवर गोगलगाय सापडणारी सात वर्षांची मुलगी नव्हती. आता मी सरळ तिप्पट वेळ धरतो.

खरा घाट पुलानंतर आहे. फोनमधलं लेव्हल वाटेवर आडवं ठेवून कोन घेतला: साधारण 7 अंश, चाळीसेक मीटर लांबीभर. व्हीलचेअरच्या रॅम्पसाठी सहसा बारास एक हे प्रमाण धरतात, म्हणजे बारा फूट लांबीत एक फूट चढ, सुमारे 4.8 अंश. दोन अंशांचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, दंडांना विचारा. मी ढकलत होतो, बायको बाजूने चालत होती. दर पंधरा पावलांवर ब्रेक लावून दम खाल्ला. उतरताना खुर्ची पुन्हा उलटी: ढकलणारा खालच्या बाजूला, पाठमोरा, आणि आईचं तोंड चढाकडे. सरळ उतरवली तर बसलेलं माणूस पुढे घसरतं आणि सगळं वजन आपल्या मनगटांवर येतं. आणखी एक, पुलाच्या फळ्या आडव्या आहेत का उभ्या ते आधी बघा. फळ्या चालण्याच्या दिशेत उभ्या असतील तर फटीत चाक अडकतं. इथे आडव्या आहेत, पण ओल्या लाकडावर शेवाळ होतं, म्हणून मुंगीच्या पावलांनी गेलो.

आता ज्याच्यासाठी ही नोंद लिहायला बसलो ते. धबधबा उंच किती? फलकावर आकडा नाही. लेकीला तो हवाच होता.

साधन घरचंच: कोनमापक, दोरा, दोऱ्याला बांधलेलं नट. कोनमापकाची सरळ कड डोळ्याशी धरून धबधब्याचा माथा बघायचा, दोरा 90 च्या खुणेपासून किती हलला ते दुसऱ्याने वाचायचं. पण कोन कळला तरी पायथ्यापर्यंतचं अंतर हवं, आणि मध्ये डोह आहे. इथे एक जुनी युक्ती कामी आली. माथा 15 अंशांवर दिसतो ती जागा शोधायची, मग सरळ पुढे जात 30 अंश होतील तिथे थांबायचं. या दोन जागांमधलं जे अंतर, त्याच्या निम्मी उंची. कोष्टकं नकोत, कॅल्क्युलेटर नको. कोन दुप्पट झाला की दोन्ही जागा आणि माथा मिळून समद्विभुज त्रिकोण होतो, आणि 30 अंशांची साइन अर्धा असते, झालं. अट एकच: वाट सपाट आणि धबधब्याच्या रोखाने सरळ हवी. कठड्याआधीचा शेवटचा टप्पा नेमका तसा आहे.

अंतर मोजायचं कशाने? टेप गाडीतच राहिली होती. आईच म्हणाली, "अरे, माझी चाकं कशाला आहेत?"

मोठ्या चाकाचा व्यास 24 इंच, म्हणजे परीघ सुमारे 1.91 मीटर. लेकीच्या वेणीची लाल फीत चाकाला बांधली आणि फीत खाली आली की ती मोठ्याने आकडा म्हणायची. अठरा फेरे. 34.4 मीटर. निम्मे 17.2, त्यात खुर्चीत बसलेल्या आईच्या डोळ्यांची उंची 1.1 मीटर मिळवली (कोन तिनेच घेतले, तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे). उत्तर अठरा मीटरच्या थोडं वर. कोन वाचण्यात एका अंशाची चूक धरली तरी दोन-तीन मीटर इकडेतिकडे होऊ शकतात, त्यामुळे दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांवर माझा जीव नाही. पडताळा म्हणून पाण्याच्या एका गठ्ठ्यावर नजर ठेवून माथ्यापासून डोहापर्यंतची वेळ घेतली. अठरा मीटर पडायला हवेचा अडथळा सोडून 1.9 सेकंद लागायला हवेत. आमच्या वेळा दोनच्या आसपास आल्या. जमतंय.

कठड्याशी अर्धा तास बसलो. तिथे आणखी एक खेळ झाला, तुम्हीही करून बघा. पडत्या पाण्यातल्या एकाच जागेवर मिनिटभर नजर रोखायची आणि मग पटकन बाजूच्या खडकाकडे बघायचं. खडक वर सरकायला लागतो! रॉबर्ट अॅडम्स या माणसाने 1834 मध्ये स्कॉटलंडच्या फॉयर्स धबधब्यापाशी हे बघून लिहून ठेवलं. मेंदूतल्या ज्या पेशी खाली जाणारी हालचाल टिपतात त्या एकसारख्या माऱ्याने मंदावतात, आणि वरची दिशा टिपणाऱ्यांचं पारडं काही क्षण जड होतं. लेकीने नऊ वेळा केलं. आईने एकदाच केलं आणि खुर्चीचा ब्रेक लावलाय का ते आधी तपासलं.

पुढच्या फेरीसाठी इंद्रधनुष्य राहिलंय. सूर्य पाठीशी हवा आणि आपल्या सावलीच्या डोक्यापासून 42 अंशांवर तुषार हवेत. आम्ही भर दुपारी पोचलो तेव्हा सूर्य फार वर होता. सूर्य 42 अंशांच्या वर असला की धनुष्य नजरेच्या पातळीखाली जातं, आणि कठड्याखाली तुषार नव्हते. धबधब्याचं तोंड पश्चिमेला आहे, तेव्हा उशिरा दुपारी जायला हवं. पण मग परतीला अंधार, आणि तो सात अंशांचा उतार. आईचं म्हणणं, खुर्चीला दिवा बांधू. फीत तिने काढू दिलेली नाही.