मे महिन्यातलं कोकण आणि गाडीतला फ्रिज

ताम्हिणी, माणगाव, श्रीवर्धन, बागमांडल्याची फेरीबोट, केळशी. या टप्प्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे तो सोडून देतो. मला लिहायचंय ते हर्णैच्या लिलावातली सुरमई ठेवायला दार उघडलं तेव्हा कॅम्पर व्हॅनच्या फ्रिजने दाखवलेल्या १३ अंशांबद्दल. मासळीला ४ च्या खाली लागतं.

हा फ्रिज गॅस, २३० व्होल्ट आणि १२ व्होल्ट अशा तिन्हींवर चालतो. आत कॉम्प्रेसर नसतो. बंद नळ्यांत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन. खालून आच दिली की अमोनिया पाण्यातून सुटतो, वरच्या पंखांच्या नळीत थंड होऊन द्रव होतो, मग आतल्या नळीत त्याची वाफ होताना फ्रिजमधली उष्णता ओढतो. ही उष्णता बाहेर टाकायला एकच वाट : खालच्या जाळीतून शिरून वरच्या जाळीतून निघणारी हवा. ती हवाच ३५ अंशांची आणि गाडीचा पत्रा तव्यासारखा तापलेला, तर फ्रिजने करायचं काय? दाराच्या आतल्या पाटीवर हवामान वर्ग छापलेला असतो तो वाचा. ‘एन’ म्हणजे बाहेर ३२ अंशांपर्यंत, ‘एसटी’ ३८, ‘टी’ ४३. ‘एन’ लिहिलेला फ्रिज मे महिन्यातल्या दुपारी इथे आधीच हद्दीबाहेर असतो.

म्हणून मेकॅनिकला फोन करण्याआधी दोन वेळा तापमान बघायचं. थर्मामीटर मधल्या फळीवर पाण्याच्या ग्लासात बुडवून ठेवा. नुसत्या हवेचं माप दार उघडलं की उडी मारतं. पहाटे ४-५ अंश आणि दुपारी तीनला १२-१३ अंश असेल तर फ्रिज ठणठणीत आहे, मागची हवा कोंडलीय. पहाटेही १२ असेल तर गॅस, लेव्हल, दाराचं रबर यांकडे वळा. विजेवर नीट आणि गॅसवर ढिला, तर बर्नर. दोन्हींवर ढिला आणि मागे पिवळट डाग किंवा अमोनियाचा नाकात जाणारा वास, तर लगेच बंद करा. नळी फुटलीय, आतला हायड्रोजन ज्वालाग्राही आहे, आणि ते युनिट अख्खं बदलावं लागतं.

आमचा प्रकार पहिला होता, आणि निम्मं कारण ‘सी व्ह्यू’. किनारा उत्तर-दक्षिण. तोंड दक्षिणेला करून लावलेल्या गाडीची उजवी बाजू समुद्राकडे, म्हणजे पश्चिमेला, आणि बऱ्याच गाड्यांप्रमाणे हिच्या फ्रिजच्या जाळ्याही त्याच बाजूला. दुपारी दोनपासून मावळेपर्यंत ऊन थेट जाळीवर. त्यात खारा वारा जोरात वरच्या जाळीत घुसला की वर चढणारी गरम हवा परत दाबली जाते, कधी ज्योतही विझते. गाडी उलटी लावा, जाळ्या पूर्वेला करा. समुद्र दुसऱ्या बाजूच्या खिडकीतूनही दिसतो हो. आमच्या यजमान काकू म्हणाल्या, “माडाखाली लावा, पण झापाच्या सावलीत हां, नारळाच्या खाली नको.” काचेचा विचार करता रास्तच.

खालची जाळी स्क्रूड्रायव्हरने काढली तर आत जांभ्याची तांबडी धूळ मिठाच्या ओलीने चिकटून लेप झालेली. मऊ ब्रशने झाडायची, ओल्या फडक्याने पुसायची. वरचे पंख आणि मागची भिंत यांत २५ मिलिमीटरहून जास्त फट असेल तर हवा पंखांना न शिवताच निसटते. तिथे ॲल्युमिनियमचा पत्रा तिरका बसवून तिला पंखांवर ढकला. त्यांच्या खाली वरच्या दिशेने वारा फेकणारा १२ व्होल्टचा, १२० मिलिमीटरचा कॉम्प्युटरचा पंखा लावला की दुपारचा फरक लगेच दिसतो. बॅटरीतून घेतो जेमतेम ०.२ अँपिअर.

बर्नरच्या नळीत कुंभारमाशीचं मातीचं घर सापडलं. कोकणात ही नेहमीची पाहुणी. गॅस बंद करून नळी साफ करा. जेटमध्ये, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक भोकात, सुई मात्र घालू नका, भोक मोठं होतं. स्पिरिटमध्ये भिजवून फुंकर मारा. धुराड्यातल्या पीळदार पट्टीवरचा गंज गळून बर्नरवर पडतो, तोही झाडा. जोडताना साबणाचं पाणी लावून गळती बघा. ज्योत निळी आणि स्थिर हवी.

लेव्हल हा इथला दुसरा शत्रू. खळ्याला, म्हणजे अंगणाला, पाणी जायला उतार असतोच. आतला द्रव गुरुत्वाने वाहतो, त्यामुळे उभ्या गाडीत, फ्रिजसमोरून बघता, आडवा कल ३ अंश आणि पुढे-मागे ६ अंशांच्या आत ठेवायचा. पाणसळ फ्रिजच्या तळाशी ठेवून बघा, गाडीच्या फरशीवर नव्हे. कललेला फ्रिज तासन् तास चालवला तर खालचं पात्र नको तितकं तापून कायमचं बिघडतं. चालत्या गाडीत हिंदकळण्याने निभावतं, पण तेव्हा १२ व्होल्टवर तो आहे ती थंडी राखतो, एवढंच. फेरीबोटीत चढण्याआधी गॅस बंद करायला विसरू नका.

आता मनातली तक्रार. गुहागरच्या पुढे एका मुक्कामी ‘गाडीला लाइट मिळेल’ म्हणून वेगळे पैसे घेतले आणि अंगणभर लांबवलेल्या बारीक वायरीवर संध्याकाळी मिळाले १८० व्होल्ट. विजेच्या कॉइलची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते : १८० ला उरते ६१ टक्के. २०० वॅटची कॉइल साधारण १२२ वर येते. ‘ऑटो’वर ठेवलेला फ्रिज तरीही कित्येकदा वीजच पकडतो. अशा जागी बटण हाताने गॅसवर टाकायचं.

दार लावताना दहाची नोट रबरात अडकवून ओढा. सहज सुटली तर दमट हवा आत जातेय आणि फ्रिजच्या आतल्या पंखांवर बर्फ साठणार. साठलेला बर्फ सुरीने खरवडू नका, आत गरम पाण्याचं भांडं ठेवा. आणि बाजारची मासळी फ्रिजला लावूच नका. हर्णैला चुरा बर्फ मिळतो, थर्माकोलचा डबा घ्या.

नवी गाडी बांधणाऱ्यांनी कोकणासाठी १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला घ्यावा, असं माझं मत. त्याला कलाची फिकीर नाही, उष्माही बराच झेपतो. फक्त वायर जाड घाला. १.५ चौरस मिलिमीटरची वायर ५ मीटर नेली तर ५ अँपिअरला जाऊन-येऊन अर्ध्या व्होल्टहून जास्त गळतो, वर खाऱ्या हवेने हिरवा पडलेला फ्यूज होल्डर आपला वाटा घेतो. मग बॅटरी भरलेली असूनही कॉम्प्रेसर सुरू होताना धडपडतो. त्या अंतराला ६ चौरस मिलिमीटर घाला आणि व्होल्टेज मोजायचं ते फ्रिजच्या टर्मिनलवर, तो चालू असताना.